बिऱ्हाडातला खेळगडी

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, सनदा आणि वंशावळी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. लहान मुलांशी आईबापांनी खेळणे हा विषय इतिहासाच्या कक्षेत येतो, असे कोणी म्हटल्यास पुष्कळांना हसू येईल. दप्तरखान्यात त्याचे कागद नाहीत, ताम्रपटावर त्याची नोंद नाही. तथापि माणूस बोलावयास, चालावयास, हरावयास आणि पुन्हा डाव मांडावयास जेथे शिकतो त्या घटनेला इतिहास नसेल, तर मग इतिहास तो कशाचा? घरात मुलाशी कोण खेळे, का खेळे आणि ते खेळणे केव्हा थांबले, हे पाहू लागलो म्हणजे समाजाची घडण कशी बदलत गेली त्याचा एक सरळ आलेख हाती येतो. प्रस्तुत लेखात तो काढण्याचा माझा यत्न आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करणारा, बंगळूरच्या जे. पी. नगरात बिऱ्हाड थाटून राहिलेला एक पदवीधर आहे. हा विषय माझ्यापुढे ग्रंथांतून आला नाही. तो माझ्या चार वर्षांच्या मुलाने माझ्यापुढे आणून ठेवला. ते कसे, हे शेवटी सांगेन.

जुन्या मराठी घरात मूल पाळण्यात असल्यापासून त्याच्या खेळाची व्यवस्था लागलेली असे. पाळण्यावर रंगीत चिंध्यांचे चिमणाळे टांगलेले असे, ते मुलाची नजर स्थिर करी. मग खुळखुळा येई. मूल बसू लागले की आपडीथापडी, पदराआड तोंड लपवून ‘बुवा-कुक’, हाताच्या पाच बोटांना पाच नावे देऊन शेवटी बगलेत गुदगुल्या करणे, पाय लांब करून त्यांवर मुलाला झोके देणे, गुडघ्यावर घोडाघोडा करणे, असा क्रम चाले. पाऊल उचलले की पांगुळगाडा. बोलू लागले की चिऊकाऊच्या गोष्टी. त्यापुढे भातुकली, ठिकरी, सागरगोटे, आंधळी कोशिंबीर, लगोरी आणि विटीदांडू. या क्रमाचे नीट निरीक्षण केले तर असे दिसेल, की मुलाचे एकेक इंद्रिय व एकेक शक्ती जागी होण्याच्या वेळी नेमका त्या शक्तीला साजेसा खेळ पुढे केलेला आहे. ही योजना कोण्या शास्त्रज्ञाने आखली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आज्या, आत्या, काकू आणि थोरल्या बहिणी यांच्या हातांतून ती घडत आली होती.

मोठी माणसे खेळाला क्षुद्र मानीत नसत, याचा पुरावा आपल्या संतवाङ्मयात भरपूर आहे. एकनाथांची भारुडे आणि तुकारामांचे खेळांवरील अभंग पाहावेत. हमामा, हुंबरी, हुतुतू, फुगडी, पिंगा, विटीदांडू, लगोरी हे सर्व खेळ तेथे परमार्थाचे वाहन होऊन आले आहेत. ज्याने फुगडीची घेरी अनुभवली नाही त्याला फुगडीचे रूपक सुचणार नाही आणि ज्या श्रोत्यांनी ती अनुभवली नाही त्यांना ते उमजणारही नाही. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, त्याचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. या परंपरेचा निवाडा पंडितांनी करावा. पण पुण्याची शिडी आणि पापाचा साप यांचा पट घरात मांडला जाई आणि त्याभोवती वडील व मुले एकत्र बसत, एवढी गोष्ट आपल्या उपयोगाची आहे.

खेळ हे भाषेचेही दप्तर असते. विटीदांडूत अंतर मोजताना आपण ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ म्हणत आलो. लहानपणी हे शब्द निरर्थक वाटत. बंगळूरच्या बाजारात तेलुगू बोलणाऱ्या भाजीवाल्याकडून ‘ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु’ ऐकले आणि मी जागच्या जागी थांबलो. हे आकडे दक्षिणेतून आपल्या खेळात आले आणि व्यवहाराच्या मराठीत नसूनही मुलांच्या तोंडी शतकानुशतके टिकले. लगोरीला कानडी मुलेही लगोरीच म्हणतात. राजकीय सीमा बदलत गेल्या, परंतु मुलांच्या अंगणात त्या कधी आखल्याच गेल्या नव्हत्या.

आता या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण जुने ते सर्व सोने असे मानण्याचा मोह इतिहास लिहिणाऱ्याने आवरावा लागतो. या सगळ्या खेळात बाप कोठे होता? तो सोप्यावर होता. वडीलधाऱ्यांच्या देखत आपले मूल उचलून घेणे, त्याच्याशी बोबडे बोलणे हे मर्यादेला सोडून समजले जाई. भावाच्या मुलाला खांद्यावर बसवावे, पण पोटच्या पोराकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहावे, असा शिष्टाचार होता. एकत्र कुटुंबात त्याने फारसे अडत नसे, कारण ज्या भावाचे मूल आपण खेळवले तो भाऊ आपल्या मुलाला खेळवी. शिवाय आजोबांना मात्र या मर्यादेतून पूर्ण सूट होती. ज्या पुरुषाने मुलांशी खेळण्याची हौस पंचवीस वर्षे दाबून ठेवली, तो नातवंडांपुढे गुडघ्यावर घोडा होऊन रांगू लागे. आईला तर चूल, पाणी, दळणकांडण यांतून उसंत मिळे तेव्हाच मूल मिळे. खेळवणारे हात अनेक होते म्हणून कोणा एकाचे नसणे मुलाला जाणवत नसे.

हे घर पुढे फुटले. ते भांडणाने फुटले नाही; नोकरीने फुटले. एकोणिसाव्या शतकात कचेऱ्या, शाळाखाते, तारायंत्र, टपाल आणि रेल्वे आली, आणि लिहितावाचता येणारा मराठी तरुण बदलीच्या हुकुमाबरोबर गावोगाव हिंडू लागला. ‘घर’ गावी राहिले आणि ‘बिऱ्हाड’ नावाचा नवा प्रकार आपल्या जीवनात रूढ झाला. बिऱ्हाडात माणसे तीन किंवा चार. आजी पत्रात, आत्या लग्नकार्यात, काका दिवाळीत. एकत्र घरात सात-आठ जणांत वाटलेले खेळवण्याचे काम एका आईवर आले. बाप मात्र सोप्यावरचाच राहिला. फक्त सोप्याच्या जागी कचेरी आली. या बदलाचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही. पगार, बढती, घरभाडे यांचे हिशेब मांडले. मुलाच्या वाट्याचे खेळगडी किती कमी झाले, याचा रकाना वहीत नव्हता.

ज्या शहरात बसून मी हे लिहीत आहे, त्याचा आपल्या इतिहासाशी असलेला संबंधही याच प्रश्नाकडे नेतो. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह स्वारी करून केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. राजांचे बस्तान येथे, आणि जिजाबाई व बाळ शिवाजी पुणे प्रांती. १६४० च्या सुमारास मायलेकरे काही काळ येथे येऊन राहिली व पुन्हा पुण्याकडे परतली. पुढे १६६४ मध्ये शहाजीराजांचा अंत याच कर्नाटकात, होदिगेरे येथे, शिकारीत घोड्यावरून पडून झाला. परमुलखी चाकरी आणि मायदेशी मूल, ही आपल्यापैकी कित्येकांची स्थिती किती जुनी आहे ते यावरून दिसेल. कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारता’त शिवाजीराजांच्या बाललीला वर्णिल्या आहेत. काव्याला काव्य म्हणूनच वाचले पाहिजे. परंतु राज्यसंस्थापकाचे चरित्र रचणाऱ्या कवीला त्याचे बाळपणीचे खेळ गाळावेसे वाटले नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दिवाळीत मातीचा किल्ला बांधून त्यावर मावळे उभे करण्याची जी चाल मराठी मुलांत आहे, तीही एका अर्थी त्याच बाळपणाची दरसालची उजळणी होय.

बिऱ्हाडाच्या या नव्या युगात मुलाच्या खेळाचा विचार शास्त्र म्हणून करणे भाग होते. तो विचार मराठीत ज्यांनी आणला, त्या स्वतःही मराठी मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्याच होत्या, हा योगायोग आपणांस विशेष जवळचा वाटावा. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. पदवीधर झाल्यावर संसारात अपयश आले आणि पदरी एक लहान मुलगी घेऊन त्या काठेवाडात गेल्या. राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. पगार, मान, स्थैर्य सारे होते. त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले होते. गिजुभाईंचा ओढाही घरातूनच सुरू झाला. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विवंचनेतून ते बालशिक्षणाकडे वळले. १९२३ साली ताराबाई भावनगरला जाऊन त्यांना मिळाल्या. तेथे त्यांनी सुमारे नऊ वर्षे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

या दोघांच्या कार्याचा एक पैलू आपण सहसा विसरतो. त्यांचे अर्धे लक्ष मुलांकडे होते, तर अर्धे आईबापांकडे होते. ‘शिक्षणपत्रिके’तून ते पालकांशीच बोलत. गिजुभाईंच्या एका पुस्तकाच्या गुजराती नावाचा अर्थच मुळी ‘आईबाप होणे कठीण आहे’ असा आहे. मुलाला मारू नका, भीती घालू नका, बक्षिसाचे आमिष दाखवू नका, त्याच्या हालचालीला वाव द्या, हे सांगणे त्या काळी सोपे नव्हते. छडी हे प्रेमाचेच एक साधन आहे अशी आपल्या समाजाची प्रामाणिक समजूत होती.

१९४५ मध्ये ताराबाईंनी मुंबई सोडून ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गाठले. आज हे गाव पालघर जिल्ह्यात येते. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य भोगलेल्या या बाईंनी पुढे सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांच्या खेळास वाहिले. बोर्डीला अनुभव असा आला की ज्यांच्यासाठी बालवाडी काढली ती दलित वस्तीतील मुले बालवाडीत येतच नाहीत. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम हा असा आहे. परदेशी साहित्य परवडणारे नव्हते. मग शिंपले, गोटे, पाने, बिया, बांबू, माती हेच साहित्य झाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची पोरे गुरे राखावयास जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या वारल्या. १९७५ च्या गांधीजयंतीस केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव पडले. आज काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी कागदांवर हा शब्द लिहिला जातो. आपण कारकून मंडळी तो रोज टंकित करतो. पण बोर्डीच्या एका अंगणात आईच्या डोळ्यांदेखत खेळणारी मुले त्या शब्दामागे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

युरोपातही हा विचार एका मातृहीन मुलाने सुरू केला. फ्रेडरिक फ्रोबेल हा जर्मन शिक्षक १७८२ मध्ये जन्मला आणि वर्षाचा होण्याआधीच आईला मुकला. त्यानेच १८३७ मध्ये बालकांसाठी संस्था काढून पुढे तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. १८४४ मध्ये त्याने आईने तान्ह्या मुलाशी खेळावयाच्या गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. खेड्यातल्या आया सहजी जे करतात, त्यातच शिक्षणाचे बीज आहे अशी त्याची श्रद्धा होती. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. ती उठली १८६० मध्ये, तोवर फ्रोबेल हयात नव्हता. लहान मुलांच्या खेळाची एका बलाढ्य राज्याला भीती वाटावी, याहून खेळाच्या सामर्थ्याचे मोठे प्रमाणपत्र कोणते? डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत आपले बालगृह उघडले. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम या देशात कित्येक वर्षे लांबला. मुलाच्या उद्योगाला त्या खेळ न म्हणता काम म्हणत. हा वाद शब्दांचा आहे. मुलाने स्वतः निवडलेल्या व्यापारात मोठ्यांनी लुडबूड न करता साथ द्यावी, याविषयी दोघांत फारसा भेद नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की हे सारे थोरांचे मत झाले, प्रचीती काय? विसाव्या शतकाने ती प्रचीतीही गोळा केली आहे. स्वित्झर्लंडच्या झां पियाजे यांनी दाखवले, की सुमारे आठ महिन्यांच्या आसपास मूल दृष्टिआड झालेली वस्तू शोधू लागते. दिसत नाही ती वस्तूही असते, हे ज्ञान त्याला तेव्हा होऊ लागते. आपला ‘बुवा-कुक’ याच ज्ञानाचा रोजचा पाठ नव्हे काय? आई पदराआड गेली तरी ती परत येते, हा विश्वास मूल हसतहसत शिकते. रशियाच्या व्हिगॉट्स्की यांनी १९३३ च्या आपल्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण घेतले. काठीला घोडा मानणारे मूल वस्तूपासून अर्थ वेगळा करावयास शिकते, आणि खेळाचा नियम पाळण्यासाठी स्वतःच्या इच्छेला आवर घालते. आंधळी कोशिंबिरीत पट्टीखालून न पाहणे हा संयमाचा पहिला धडा. तो उपदेशाने येत नाही. इंग्लंडमध्ये पीटर ब्रायंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ मुलांचा तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडला, की ज्या मुलांना तिसऱ्या वर्षी बडबडगीते अधिक येत होती, त्यांची पुढे ध्वनींची जाण व वाचन अधिक चांगले होते. यमकावर नाचणारे मूल शब्दाचे तुकडे कानाने वेगळे करीत असते.

परंतु सर्वांत बोलका पुरावा दूरच्या जमैका बेटावरचा आहे. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील, कुपोषणामुळे उंची खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची १२९ मुले १९८६-८७ मध्ये तेथील संशोधकांनी निवडली. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जात. काय करीत? आईला मुलाशी खेळावयास शिकवीत. टाकाऊ वस्तूंची खेळणी बरोबर नेत, ती आठवडाभर ठेवीत व पुढच्या खेपेस बदलून देत. मुलाशी बोलावे, त्याच्या यशाचे कौतुक करावे, एवढाच उपदेश. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी त्याच मुलांचा शोध घेतला तेव्हा, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, खेळाचा लाभ झालेल्यांची कमाई तो न झालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली. केवळ पूरक आहार दिलेल्या मुलांत असा टिकाऊ फरक दिसला नाही. म्हणजे भाकरीबरोबर खेळही हवा. आणि या प्रयोगात मुलाला खेळ शिकवण्याऐवजी आईलाच खेळावयास शिकवले होते, हा त्यातला मर्म आहे. सेविका तासभर येऊन जाई. उरलेल्या आठवड्याची खेळगडी आईच होती.

याचा अर्थ मुलाचा प्रत्येक खेळ उद्याच्या पगाराचा हप्ता समजावा, असा मात्र नव्हे. हल्ली तीन वर्षांच्या मुलापुढे अक्षरांचे ठोकळे टाकून ‘हे कोणते?’ असे विचारीत राहणे यालाच खेळणे समजणारे पालक पुष्कळ दिसतात. ती तोंडी परीक्षा होय. खेळात डाव मुलाने मांडावयाचा असतो आणि आपण भिडू व्हावयाचे असते. त्याने आपल्याला हत्ती म्हटले तर आपण हत्ती. त्याने ‘आता तू मेलास’ म्हटले तर निमूटपणे मरावे. कचेरीत दिवसभर हुकूम ऐकणाऱ्या व वरच्यांची मर्जी राखणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जड जाऊ नये. तरी ते जाते. घरी आल्यावर आपल्याला साहेब व्हावयाचे असते.

सरकारलाही हा विषय आता परका राहिलेला नाही. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळणे हा मुलाचा हक्क म्हणून नोंदला गेला. भारताने १९९२ मध्ये ती संहिता मान्य केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत शिक्षण खेळातून द्यावे असे म्हटले आहे. आपल्या रजेच्या नियमांचा इतिहास तर आपण सर्वांनी लक्ष देऊन पाहावा असा आहे. पाचव्या वेतन आयोगानंतर १९९७ मध्ये केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास १५ दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली. २००८ च्या सप्टेंबरपासून स्त्री कर्मचाऱ्यांना सबंध सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली, आणि २०१८ च्या अखेरीस ती अविवाहित, विधुर वा घटस्फोटित अशा एकट्या पित्यासही लागू झाली. नियमांच्या रूक्ष भाषेआड एक मोठे स्थित्यंतर दडले आहे. सोप्यावरच्या बापाला मूल मांडीवर घेण्यास मर्यादेची आडकाठी होती. आज शासन त्याला त्यासाठी पगारी दिवस देते, मग ते पंधराच का असेनात. ते पंधरा दिवस आपल्यापैकी कितीजण मुलाजवळ बसण्यात घालवतात आणि कितीजण गॅसची जोडणी, घरभाड्याचा करार आणि राहिलेली झोप यांत, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. मी माझे आठवून पाहिले आहे.

आता जे शेवटी सांगावयाचे म्हणून राखून ठेवले होते ते सांगतो. आमचे बिऱ्हाड जे. पी. नगरात दुसऱ्या मजल्यावर आहे. या वसाहतीला जयप्रकाश नारायणांचे नाव आहे. बागा आहेत, तळी आहेत, मुलांसाठीही नाटके करणारे ‘रंगशंकरा’ नाट्यगृह आहे. तात्पर्य, उणीव जागेची नाही. मी संध्याकाळी मेट्रोने उतरून घरी येईपर्यंत साडेसात होत. मुलगा दाराशी चेंडू घेऊन उभा असे. “बाबा, खेळूया?” “थांब जरा.” चहा झाला की पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. मग मी त्याच्या हाती मोबाइल देई आणि दोघांचीही कटकट मिटे. पाच वर्षांखालील मुलांना तासभराहून अधिक काळ पडद्यापुढे बसवू नये, त्यातही दोन वर्षांच्या आतल्यांना मुळीच नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितल्याचे मी वाचले होते. वाचले होते, एवढेच.

एका रविवारी गावाहून आईचा दूरध्वनी आला. नातवाने आजीशी बोलावे म्हणून ती खोळंबून होती. तो बोलला, पण निम्मे हिंदी, निम्मे इंग्रजी, मध्येच शाळेतले कानडी. आजीला कळेना. ती म्हणाली, “अरे, याच्याशी घरात मराठीत कोणी बोलत नाही का?” आम्ही दोघे मराठीतच बोलत होतो, पण एकमेकांशी. त्याच्याशी आमचे बोलणे म्हणजे ‘जेव’, ‘झोप’, ‘हात धू’ आणि ‘थांब’. आज्ञार्थापलीकडची मराठी त्याला ऐकू येण्याचा प्रसंगच नव्हता. कानडी तो खाली मुलांशी खेळताना उचलीत होता. जी भाषा त्याच्याशी खेळली, ती त्याची झाली. ‘वकट, लेंड’ शतकानुशतके का टिकले, त्याचे उत्तर मला माझ्याच घरात मिळाले होते. आणि आपली मातृभाषा त्याच कारणाने त्याच्या ओठांवरून उतरत होती.

त्या दिवाळीत मी दोन दिवस रजा टाकली. नर्सरीतून लाल मातीची दोन पोती आणली आणि गच्चीच्या कोपऱ्यात किल्ला घातला. खरे तर घातला त्याने. मी चिखल कालवणारा गवंडी होतो. बुरूज, तट, माची, दरवाजा, खंदक, बालेकिल्ला हे सारे शब्द त्या दोन दिवसांत चिखलाबरोबर त्याच्या हाताला लागले. शेजारची कानडी मुले जमली. त्यांच्या घरच्या दसऱ्याच्या बाहुल्यांच्या मांडणीतली चन्नपट्टणची लाकडी खेळणी किल्ल्याच्या पायथ्याशी बाजारात येऊन बसली. एक बुरूज दोनदा ढासळला. तिसऱ्यांदा तो उभा राहिला तेव्हा मुलगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, “बाबा, माती अजून थोडी मऊ कर ना.” वाक्य साधे होते. पण ते संपूर्ण मराठी होते आणि हुकूम सोडणारा या खेपेस तो होता.

तेव्हापासून रात्रीचे अर्धे तास मी त्याला दिले आहेत. मोठा त्याग वगैरे काही नाही. कधी कंटाळा येतो, कधी तीन मिनिटांत डोळे मिटतात आणि घोडा तसाच आडवा होतो. परंतु एक गोष्ट समजली आहे. आमची बदली केव्हा होईल ते वरच्यांच्या हाती. मुलाच्या बाळपणाची बदली मात्र ठरल्या तारखेला, न चुकता होते आणि ती रद्द करून घेता येत नाही. आज्या, आत्या, काका यांनी भरलेला वाडा आपण बिऱ्हाडात आणू शकणार नाही. त्या सात-आठ खेळगड्यांपैकी एकाची जागा तरी भरणे आपल्या हाती आहे, आणि ती सोप्यावरून उठल्याखेरीज भरत नाही.

किल्ला पुढे पावसाने विरघळला. माती आम्ही पोत्यात भरून जिन्याखाली ठेवली आहे, यंदाही लागेल.